संस्थेचे नाव आणि संस्थेची जागा : संकेतस्थळ उभारण्यापूर्वीचा एक पाठ

सार्वजनिक संस्थेची मालमत्ता म्हटली की इमारत, मोकळी जागा, बँकेतील ठेव, कपाटे, बाके आणि सतरंज्या एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या वस्तूंची नोंद आपण जपून ठेवतो. उतारा कोणाच्या नावे आहे, ठेवीच्या पावतीवर कोणाच्या सह्या आहेत, हे वार्षिक सभेत विचारले जाते आणि विचारले जावेही. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मालमत्तेचा एक नवा प्रकार अस्तित्वात आला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला कुलूप लावता येत नाही आणि त्याचा वार्षिक खर्च एका सतरंजीच्या किमतीएवढाही नसल्यामुळे सभेत त्याची चर्चा होत नाही. ही मालमत्ता म्हणजे इंटरनेटवरील संस्थेचे नाव होय.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वसतिगृहातील प्रवेश, देणगीसाठी बँकेचा खातेक्रमांक या गोष्टी पालक आणि हितचिंतक आज मोबाइलवर शोधतात. आखाती देशात नोकरीस असलेला निपाणीचा मुलगा आणि पुण्यात संसार थाटलेली बेळगावची लेक, दोघेही देणगी पाठवण्यापूर्वी संस्थेचे संकेतस्थळ पाहतात. तेच नाव उद्या परक्याच्या हाती गेले, तर तो त्याच पत्त्यावर आपल्या इमारतीचे छायाचित्र लावून खाली स्वतःच्या खात्याचे क्यूआर चिन्ह छापू शकेल. देणगीदाराचा पैसा जाईल आणि बदनामी संस्थेची होईल. म्हणून नाव कोठे नोंदवावे, संकेतस्थळासाठी जागा कोठे घ्यावी आणि या दोहोंच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या विश्वस्तालाही तो समजावा अशी अपेक्षा आहे.

१. नाव वेगळे, जागा वेगळी

सर्वप्रथम एक भेद नीट ध्यानात घ्यावा. संकेतस्थळ म्हटले की त्यात दोन स्वतंत्र गोष्टी येतात. एक त्याचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. आणि दुसरी त्याची जागा, म्हणजे ज्या संगणकावर त्याची पाने, चित्रे व कागदपत्रे ठेवलेली असतात ती. या जागेच्या सोयीस होस्टिंग म्हणतात व त्या संगणकास सर्व्हर म्हणतात.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. यंत्रे क्रमांकाने एकमेकांस ओळखतात, पण माणसाला क्रमांक लक्षात राहत नाहीत; नावे राहतात. प्रारंभी या नावांची व क्रमांकांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जात असे आणि सर्व जण तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही यादी सांभाळणे अशक्य झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संशोधकाने नावावरून क्रमांक शोधण्याची वाटून दिलेली पद्धत रचली. तीच आजही चालू आहे. डॉट कॉम या वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या कंपनीने नोंदवले.

निपाणीच्या वाचकांस हा भेद तंबाखूच्या व्यापारावरून लगेच समजेल. व्यापाऱ्याची वखार भाड्याची असते. आज एका पेठेत, उद्या दुसऱ्या पेठेत. पण त्याच्या मालावरची छाप त्याची स्वतःची असते आणि गिऱ्हाईक छाप पाहून माल घेते. वखार बदलली तरी छाप टिकते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. होस्टिंग ही भाड्याची वखार, आणि नाव ही आपली छाप. वखारवाल्याशी पटले नाही तर माल उचलून दुसरीकडे नेता येतो. फक्त नव्या जागेचा क्रमांक नावापुढे लिहून घ्यावा लागतो आणि साधारण एका दिवसात जगभर तो पोहोचतो. परंतु छापच दुसऱ्याच्या नावे नोंदली गेली असेल, तर माल आपला असूनही बाजारात आपण परके ठरतो.

या लेखातील पुढचे सारे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

२. नाव विकत मिळत नाही

नाव 'विकत घेतले' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते मुदतीने मिळते. एका वेळी कमीतकमी १ वर्षासाठी व सामान्यतः जास्तीत जास्त १० वर्षांसाठी ते नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

या नोंदणीची एक साखळी आहे. सर्वांत वर आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली, कॅलिफोर्नियातील विना-नफा संस्था. तिच्या देखरेखीखाली नावांच्या प्रत्येक वर्गाचे एक मुख्य दप्तर असते. भारताच्या डॉट इन या वर्गाचे दप्तर निक्सी या दिल्लीच्या विना-नफा संस्थेकडे आहे. ती २००३ मध्ये स्थापन झाली आणि २००५ च्या आरंभापासून डॉट इन नावे सर्वसामान्यांना सुलभपणे मिळू लागली. दप्तराच्या खाली परवानाधारक नोंदणी-कंपन्या असतात. त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. ग्राहकाचा संबंध त्यांच्याशी येतो. त्यांच्याही खाली पुष्कळदा एखादा मध्यस्थ असतो, म्हणजे आपल्या गावातील संकेतस्थळ करून देणारा व्यावसायिक. साखळीच्या शेवटी नावाचा धारक. दप्तरात धारक म्हणून ज्याचे नाव लागले, त्याचाच हक्क प्रथम मानला जातो. पैसे कोणी भरले हा प्रश्न नंतरचा. जमिनीच्या उताऱ्याचा न्याय येथेही लागू आहे.

नूतनीकरण विसरणे हा केवळ लहान संस्थांचा दोष नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरावयाचे राहिले आणि ऐन नाताळात हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली टपाले उघडता येईनात. अमेरिकेतील मायकेल चेनी या संगणक-तज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला चेनी भेटले. आपल्याला कोण भेटेल याचा भरवसा नाही. मुदत संपलेली नावे हेरून ती उचलणे हा जगात एक धंदाच होऊन बसला आहे.

डॉट कॉम व डॉट ऑर्गसारख्या नावांची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देतो. नाव दप्तरातून काढले गेल्यावरही आणखी ३० दिवस ते जबर दंड भरून सोडवता येते. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणासही घेता येते. मात्र कित्येक कंपन्या सवलतीच्या काळातच अशा नावांचा लिलाव मांडतात, म्हणून सवलतीवर विसंबू नये.

३. नावाचे आडनाव

नावाच्या शेवटी डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग असे जे अंग येते, त्याला आपण सोयीसाठी आडनाव म्हणू. आडनाव निवडताना केवळ स्वस्ताई पाहू नये. त्या घराण्याचे दप्तर कोण सांभाळतो आणि त्याचे नियम कोण करतो हे पाहावे.

काही आडनावे कोणासही मिळत नाहीत. गव्ह डॉट इन हे सरकारी कचेऱ्यांसाठी, एसी डॉट इन हे उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी राखलेले आहे. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या राखीव आडनावाखाली येण्यास सांगितले, ते याच कारणाने. आडनाव राखीव असले की तोतयाला त्यात शिरता येत नाही आणि ठेवीदाराला खरी बँक ओळखणे सोपे जाते. वाचकांनी आपल्या बँकेचा पत्ता गेल्या काही काळात बदललेला पाहिला असेल.

धर्मादाय संस्थांस डॉट ऑर्ग हे आडनाव पूर्वापार प्रिय आहे. परंतु ते राखीव नाही. कोणीही घेऊ शकतो. त्याचीही एक कथा सांगण्याजोगी आहे. त्याचे दप्तर पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री या विना-नफा संस्थेकडे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात हे दप्तर सुमारे ११३ कोटी डॉलरना एका खासगी भांडवलदार कंपनीस विकण्याचा बेत जाहीर झाला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी त्यास विरोध केला आणि अखेर ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने संमती नाकारली. दप्तर वाचले. तथापि, नावाचे भाडे कोण ठरवतो हा प्रश्न कधीही उपस्थित होऊ शकतो, हे या प्रकरणाने शिकवले.

परक्या देशांची आडनावे नवलाईखातर घेऊ नयेत. युगोस्लाव्हिया हा देशच उरला नाही, म्हणून त्याचे आडनाव ३० मार्च २०१० रोजी दप्तरातून काढून टाकण्यात आले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून तेथील रहिवाशांचा डॉट ईयू या आडनावावरचा हक्क गेला. माणसे आपल्याच घरात बसून होती, रेषा तेवढी सरकली. सीमाभागात राहणाऱ्यांस याचा अर्थ अधिक फोडून सांगण्याची गरज नाही. टोकेलाऊ या प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांचे डॉट टीके हे आडनाव फ्रीनॉम ही कंपनी वर्षानुवर्षे फुकट वाटत होती. फुकट म्हणून फसवणूक करणाऱ्यांची तेथे गर्दी झाली, २०२३ मध्ये नवी नोंदणी बंद पडली आणि २०२४ मध्ये कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतले.

आपल्यासारख्या संस्थेने डॉट इन किंवा ऑर्ग डॉट इन यांपैकी एक मुख्य नाव घ्यावे आणि शक्य असल्यास डॉट ऑर्ग जोडीला ठेवावे. देश आपला, दप्तर आपल्या देशातले, आणि तंटा उद्भवल्यास डॉट इन नावांसाठी येथेच लवादाची व्यवस्था आहे. नाव ही संरक्षणास पात्र गोष्ट आहे हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात मान्य केले आहे. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा वेळेवर शुल्क भरणे केव्हाही स्वस्त.

४. बेळगावचे स्पेलिंग

आता मूळ नावाकडे वळू. आपल्या भागात हा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण रोमन लिपीत आपल्या गावांचे एकच एक रूप नाही. बेळगावातील 'ळ' रोमन अक्षरांत बसत नाही. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने १२ शहरांची नावे बदलली, तेव्हा इंग्रजीतील 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' हे अधिकृत रूप आले. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नावही त्याप्रमाणे बदलले. निपाणीच्या रोमन रूपात कोणी एक पी लिहितो, कोणी दोन. मराठी माणूस एका तऱ्हेने उच्चारतो, कन्नड माणूस दुसऱ्या.

यावर उपाय दोन. पहिला असा की, गावाचे नाव संकेतस्थळाच्या नावात गोवू नये. संस्थेचे स्वतःचे आटोपशीर नाव घ्यावे. दुसरा असा की, गावाचे नाव घालावयाचेच असेल तर दोन्ही प्रचलित रूपे नोंदवावीत आणि एकावरून दुसऱ्याकडे वाट लावून द्यावी. या वाट लावण्यास वेगळी जागा लागत नाही. केवळ दुसऱ्या नावाचे शुल्क पडते.

नावाच्या बाबतीत इंटरनेट फार कठोर आहे. बेळगावात तरुण भारत आहे आणि नागपुरातही तरुण भारत आहे. कागदावर दोन्ही पत्रे सुखाने नांदली. पण एका आडनावाखाली एक नाव एकालाच मिळते. म्हणून आपल्या नावाची संस्था कोल्हापुरात वा सोलापुरात असल्यास तिने नाव आधी घेतले आहे काय, हे प्रथम पाहून घ्यावे.

निवडलेले नाव एकदा टेलिफोनवरून सत्तरीच्या सभासदास सांगून पाहावे. त्यांनी एकदा ऐकून बरोबर लिहिले, तर नाव चांगले. मध्ये आडवी रेघ, आकडे, लांबलचक आद्याक्षरे असतील तर ते चुकणारच.

आपल्या लिपीतही नाव घेता येते. देवनागरीतील डॉट भारत हे आडनाव २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. हिंदी, मराठी, कोकणी अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांस ते उपयोगी आहे. उर्दू, कन्नड आणि इतर भारतीय लिपींतही असे आडनाव आहे. तीन लिपी वाचणाऱ्या आपल्या समाजास हे आवडेल यात शंका नाही. मात्र व्यवहारात एक अडचण आहे. यंत्रे आतल्या आत अशा नावाचे रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात भाषांतर करतात, आणि काही जुने अर्ज-नमुने व टपाल-यंत्रणा ते अजून स्वीकारत नाहीत. म्हणून देवनागरी नाव हौसेने जरूर घ्यावे, पण ते जोडनाव म्हणून. मुख्य कारभार रोमन नावाने चालू ठेवावा.

नाव एकदा ठरले की बदलू नये. पत्ता बदलला की इतरांनी आपल्या पानांकडे दिलेले सारे दुवे मोडतात. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या संकेतस्थळाकडे पाहावे. तेच नाव तीन दशके राहिल्यामुळे अमेरिकेतील मराठी घरांपासून कोकणातील खेड्यापर्यंत ते लोकांच्या तोंडी बसले आहे.

५. नोंदणी कोणाकडे करावी

रजिस्ट्रार निवडताना लोक आत शिरण्याचा दरवाजा पाहतात: पहिल्या वर्षाची सूट. विश्वस्तांनी बाहेर पडण्याचा दरवाजा पाहावा. पुढील पाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला प्रश्न : पाच वर्षांचा एकूण खर्च किती? समजा, एक कंपनी पहिल्या वर्षी १९९ रुपये व पुढे दरसाल १,१०० रुपये घेते. दुसरी दरसाल ७०० रुपये घेते. पाच वर्षांत पहिलीचे ४,५९९ होतात, दुसरीचे ३,५००. यावर १८ टक्के जीएसटी धरल्यास पहिलीचे सुमारे ५,४२७ आणि दुसरीचे ४,१३० रुपये. पहिल्याच दिवशी स्वस्त दिसलेली कंपनी जवळजवळ १,३०० रुपयांनी महाग पडली. हे गणित सातवीच्या मुलालाही येते. फक्त ते कोणी मांडत नाही.

दुसरा प्रश्न : नाव दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा गुप्त संकेत ग्राहकास मिळतो काय? डॉट कॉम व डॉट ऑर्गसारख्या नावांबाबत, मागणी केल्यापासून ५ दिवसांत हा संकेत देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. नव्या नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस सोडले, तर स्थलांतरास सहसा अडचण नसते. जी कंपनी यात टाळाटाळ करते किंवा वेगळे शुल्क मागते, तिच्याकडे जाऊच नये.

तिसरा प्रश्न : ती थेट परवानाधारक आहे, की दुसऱ्याची मध्यस्थ? आयकॅन व निक्सी या दोहोंच्या संकेतस्थळांवर परवानाधारकांच्या याद्या आहेत. मध्यस्थ वाईट असतो असे नाही. पण तो धंदा बंद करून गेला, तर त्याच्या वरची कंपनी कोणती हे आपल्यास ठाऊक असले पाहिजे.

चौथा प्रश्न : तक्रार आल्यास माणूस भेटतो काय? २४ सप्टेंबर २०१८ रोजी तमिळनाडूतून वाढलेल्या झोहो या मोठ्या कंपनीचे मुख्य नाव तिच्या अमेरिकेतील रजिस्ट्रारने, झोहोच्या टपालसेवेचा काही भामट्यांनी गैरवापर केल्याच्या तक्रारींवरून, एकाएकी बंद केले. कोट्यवधी ग्राहकांचे काम काही तास अडले आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीरपणे मदतीचे आवाहन करावे लागले. सर्व्हर शाबूत होते, माणसे कामावर होती. नुसते नाव बंद होते. तेवढ्याने सारे थांबले.

पाचवा प्रश्न : कंपनी बुडाली वा विकली गेली तर? २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय या अमेरिकन कंपनीचा कारभार कोसळला. आयकॅनने तिचा परवाना रद्द करून तिच्याकडील नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. पण ज्यांच्या नोंदी अपुऱ्या होत्या त्यांचे हाल झाले. २०२३ मध्ये गूगलने आपला नोंदणी-व्यवसाय स्क्वेअरस्पेस कंपनीस विकला आणि ग्राहकांची नावे तिच्याकडे गेली. तात्पर्य, कंपनी मोठी असली म्हणून कायमची असते असे नाही. दप्तरातील आपली नोंद अचूक असेल तर कंपनी बदलली तरी नाव आपलेच राहते.

६. जागा कोठे घ्यावी

नावाचा निर्णय झाला की जागेचा प्रश्न सोपा होतो, कारण जागा बदलता येते.

अगदी लहान संस्थेस फुकटची जागा पुरेल असे वाटते. दोन-चार पाने ठेवण्यास ती वाईट नाही. पण यजमानाने कधी 'उठा' म्हणावे याचा नेम नसतो. जिओसिटीज या एके काळच्या लोकप्रिय सेवेवर लक्षावधी लोकांनी आपली पाने रचली होती. २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद झाली. गूगलने छोट्या व्यावसायिकांना दिलेली फुकटची संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा आपल्या देशातील कित्येक दुकानदारांचे छापील फलक निरुपयोगी झाले. ज्यांनी स्वतःचे नाव घेऊन ते फुकटच्या जागेस जोडले होते, त्यांना नाव नव्या जागेकडे वळवून पूर्ववत चालता आले. फुकटची जागा चालेल, फुकटचे नाव नको, हा याचा इत्यर्थ.

त्यावरची पायरी म्हणजे सामायिक होस्टिंग, चाळीतील एका खोलीसारखे. एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे राहतात आणि भाडे कमी पडते. आपल्यासारख्या ट्रस्टला हे पुष्कळ झाले. स्वतंत्र सर्व्हर म्हणजे अख्खा वाडा भाड्याने घेणे. तो झाडण्या-लोटण्यास जाणकार माणूस नेहमी लागतो. तसा माणूस नसताना वाडा घेऊ नये.

जागा देशात असावी की परदेशात? मुंबई बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. तेथील सर्व्हरकडे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सेकंदाचा काही शतांश लागतो. अमेरिकेहून हाच फेरा सेकंदाच्या पाव हिश्श्याच्या आसपास जातो. एका पानासाठी असे अनेक फेरे होतात, म्हणून जवळची जागा बरी. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपले सर्व्हरगृह उघडले आणि आता अनेक होस्टिंग कंपन्या भारतातील जागा देतात. विचारून तीच मागावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या युरोपातील मोठ्या कंपनीच्या सर्व्हरगृहास आग लागून एक संपूर्ण इमारत नष्ट झाली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांचे सारे काही गेले. तेव्हा संकेतस्थळाची पूर्ण प्रत दरमहा उतरवून घेऊन ट्रस्टच्या कार्यालयातील संगणकावर व आणखी एका बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या विना-नफा सेवेकडून फुकट मिळते. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागू लागल्यास आधी कारण विचारावे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत आलेल्या आधार कार्डांच्या प्रती, मुलींचे फोन क्रमांक, पालकांचे उत्पन्नाचे दाखले या वस्तू भाड्याच्या जागेत उघड्या ठेवू नयेत. ती कुटुंबांनी आपल्याकडे विश्वासाने दिलेली अमानत आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचाही रोख त्याच बाजूस आहे.

नाव आणि जागा एकाच कंपनीकडे घ्यावी काय? सोय होते हे खरे. एकच बिल येते. परंतु होस्टिंगच्या बिलावरून वाद झाला तर नावही अडकून पडते. दोन वेगळ्या कंपन्यांकडे ठेवल्यास वखारीचे भांडण छापेपर्यंत पोहोचत नाही. आमचे मत वेगळे ठेवावे असेच आहे.

७. किल्ल्या कोणाच्या हाती

येथवर कंपन्यांचा विचार झाला. पण बहुतेक संस्थांची नावे जातात ती घरातल्याच निष्काळजीपणाने. नेहमीचा प्रकार असा. एखादा उत्साही तरुण संस्थेसाठी संकेतस्थळ करून देतो. नोंदणी तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या मोबाइलवर करतो. त्यात कपट काहीच नसते. कोणी दुसरा पत्ता दिलेलाच नसतो. दोन वर्षांनी तो बंगळूरला वा दुबईला नोकरीस जातो, मोबाइलचा क्रमांक बदलतो. डॉट कॉम वा डॉट ऑर्गचा रजिस्ट्रार मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा अशा सूचना नियमाप्रमाणे पाठवतो. त्या कोणीच उघडत नसलेल्या पेटीत पडतात. एके दिवशी नाव जाते. नवा धारक त्या नावावरची ईमेलही स्वीकारू लागतो, म्हणजे संस्थेची पत्रे आणि परवलीचे शब्द बदलण्याच्या सूचना त्याच्या हाती पडतात.

हे टाळण्यास पैसा लागत नाही, शिस्त लागते. कार्यकारी मंडळाने पुढील आशयाचा ठराव इतिवृत्तात नोंदवावा अशी सूचना आहे.

(१) संकेतस्थळाचे नाव ट्रस्टच्या पूर्ण नोंदणीकृत नावाने नोंदवले जाईल. कोणाही व्यक्तीच्या नावे नाही. बिल ट्रस्टच्या नावे घेऊन ते ट्रस्टच्या खात्यातून भरले जाईल.

(२) नोंदणीसाठी ट्रस्टचा एक स्वतंत्र ईमेल असेल. तो त्याच संकेतस्थळाच्या नावावरचा नसेल. कारण नाव बंद पडले तर त्याची सूचना देणारे टपालही बंद पडेल. मोबाइल क्रमांक कार्यालयाचा असेल.

(३) परवलीचे शब्द बंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत राहतील. चिटणीस व खजिनदार या दोघांना ते ठाऊक असतील आणि पदाधिकारी बदलताच बदलले जातील. खात्यास दुहेरी पडताळणी लावली जाईल.

(४) नाव एकदम ५ वर्षांसाठी नोंदवले जाईल, आणि तरीही मुदतीची तारीख दरवर्षीच्या हिशेबपत्रकात मालमत्तेच्या यादीत छापली जाईल.

(५) संकेतस्थळ करून देणाऱ्या व्यावसायिकाशी लेखी करार होईल. काम त्याचे, मोबदला त्याचा. नाव, मजकूर आणि किल्ल्या ट्रस्टच्या.

ज्या संस्थांचे संकेतस्थळ आधीच चालू आहे, त्यांनी आपल्या नावाचा उतारा आजच काढून पाहावा. आयकॅन व निक्सी यांच्या संकेतस्थळांवर ही चौकशी फुकट होते. व्यक्तीचा तपशील तेथे कित्येकदा झाकलेला असतो. पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, हे दिसते. धारक म्हणून कोणाचे नाव आहे ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून पाहावे. नाव एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचे निघाल्यास त्याच्यावर रागावू नये. त्याने केले म्हणून संकेतस्थळ झाले. त्याला चहास बोलावून, आभार मानून, धारकाचे नाव बदलून घ्यावे. तो संपर्कात आहे तोवर हे पंधरा मिनिटांचे काम आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी संस्थेची इमारत उभारताना जागेचा उतारा प्रथम ट्रस्टच्या नावे करून घेतला आणि मग पाया खणला. पुढच्या पिढीच्या संकेतस्थळाचा पायाही त्याच क्रमाने खणावा.